धातू कापा, प्रत्यय बसवा

स्पॅनिशमधल्या "पागो" आणि "पागोऽ" यांत फक्त एका झटक्याचा फरक आहे, आणि त्या झटक्यापायी मी एकदा शेठची बोलणी खाल्ली आहेत.

आमच्या वर्कशॉपात एक जुनं स्पॅनिश ग्राइंडिंग मशीन आहे. त्याचा एक स्पेअर मागवला होता. पैसे भरून आठवडा झाला तरी माल निघेना, म्हणून मी तिकडच्या हिशेबाच्या बाईंना फोन लावला. मला एवढंच सांगायचं होतं की शेठनी पैसे भरले. पैसे भरणे म्हणजे पागार, हे पाठ होतं. त्याचा भूतकाळ 'ओ' लावून होतो, हेही पाठ होतं. मी ठसक्यात म्हटलं, "सी, सेन्योरा, पागो!" बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "कुआंदो?" म्हणजे कधी? मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी आणखी जोरात, "पागो, पागो!" दुसऱ्या दिवशी मेल आली: पैसे भरण्याची तयारी दाखवल्याबद्दल आभार, तारीख कळवावी. ती शेठनी माझ्याआधी उघडली.

झालं होतं असं, की पागो म्हणजे "मी भरतो". शेवटच्या ओ वर जोर देऊन पागोऽ म्हटलं, तर "त्याने भरले". मी पहिल्या अक्षरावर जोर दिला आणि भरलेले पैसे पुन्हा भरायचं कबूल करून बसलो. गंमत म्हणजे हा धातू आपल्या घरातलाच आहे. आपला 'पगार' पोर्तुगिजांकडून आला, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. पगाराच्या शब्दावरच पगार देणाऱ्याची बोलणी खाल्ली.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, तपासणीचं काम करतो. मायक्रोमीटर, गेज, रिपोर्ट. स्पॅनिश शिकलो ते मशीनच्या मॅन्युअलमुळे आणि त्या मेलांमुळे, शाळेत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी भाची येते, वर्कशॉपातली दोन मुलं येतात, आणि झोपाळ्याशेजारच्या चटईवर आमचा वर्ग भरतो. आई झोपाळ्यावर बसून भाजी निवडते आणि मधे मधे बोलते. भाचीला कामासाठी स्पेनला जायचंय. मुलांना कशासाठी शिकायचंय ते अजून त्यांनाच ठरवता आलेलं नाही, पण ऑक्टोबर २०२४ पासून आमच्या गावात स्पॅनिशला भाव आलाय एवढं खरं. त्याकडे पुढे वळतो.

आधी लिहिण्याची पद्धत सांगतो, कारण पुस्तकातले तक्ते पाठ करून जी चूक होते ती बहुतेक कानाची असते. मी वहीत सगळं देवनागरीत लिहून घेतो. स्पॅनिशचा त, द आपल्यासारखाच दातांवरचा आहे, ट-ड नाही, त्यामुळे आपलं अर्धं काम इथेच होतं. व लिहिलेला असला तरी ब म्हणायचा. एच लिहितात पण उच्चारत नाहीत. राहिला जोर. आपल्या लिपीत जोर दाखवायची सोय नाही, म्हणून मी अवग्रह वापरतो, "अरेऽ" मध्ये असतो तो. जिथे ऽ दिसेल तिथे आवाज चढवायचा. स्पॅनिश लिपीत नेमकं त्याच स्वरावर एक छोटी तिरकी रेघ असते. जिथे ऽ नाही, तिथे शब्द स्वर, न किंवा स ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर आपसूक पडतो, नाहीतर शेवटच्या अक्षरावर.

आता मूळ काम, भूतकाळ बनवणं. मराठीत क्रियापदाच्या मुळाला धातू म्हणतात ही आम्हा लेथवाल्यांसाठी सोय आहे. शब्दकोशात स्पॅनिश क्रियापद मिळतं त्याच्या शेपटीला तीनच प्रकार असतात: आर, एर, ईर. स्पॅनिशमध्ये लिहिल्यावर ही शेवटची दोन अक्षरं. ती पार्टिंग टूलने, म्हणजे लेथवरच्या कापायच्या हत्याराने, कापायची. कोर्तार म्हणजेच कापणे, त्यातून उरलं कोर्त्. कोमेर म्हणजे खाणे, उरलं कोम्. आब्रीर म्हणजे उघडणे, उरलं आब्र्. कापलेल्या टोकाला आता दुसरी शेपटी बसवायची. शेपट्यांचे संच तीन नाहीत, दोनच आहेत. आर वाल्यांचा एक, आणि एर-ईर दोघांचा मिळून एक. वर्तमानकाळात एर आणि ईर थोडे वेगळे वागतात, भूतकाळात त्यांची चूल एकच.

आर वाले:
मी कोर्तेऽ
तू कोर्तास्ते
तो, ती कोर्तोऽ
आम्ही कोर्तामोस
तुम्ही सगळे कोर्तास्तेइस
ते, त्या कोर्तारोन

एर आणि ईर वाले:
मी कोमीऽ, आब्रीऽ
तू कोमिस्ते, आब्रिस्ते
तो, ती कोम्योऽ, आब्र्योऽ
आम्ही कोमिमोस, आब्रिमोस
तुम्ही सगळे कोमिस्तेइस, आब्रिस्तेइस
ते, त्या कोम्येरोन, आब्र्येरोन

एवढंच आहे. बारा शेपट्या, त्यातल्या 'तुम्ही सगळे' वाल्या दोन फक्त स्पेनमध्ये लागतात. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत कुणी त्या वापरत नाही, तिथे 'ते' चं रूप 'तुम्ही सगळे' लाही चालतं. मी पहिले दोन महिने त्या शिकवतच नाही. भाचीला शिकवल्या, कारण तिला तिथे ऐकायच्या आहेत.

पाठ करताना वरून खाली घोकू नका. घोकलं की 'आम्ही' चं रूप हवं असताना मनात मी-तू-तो असं जिना उतरावं लागतं, आणि समोरचा तोवर विषय बदलतो. आमच्याकडे प्रश्नोत्तर चालतं. मी विचारतो, "कोर्तास्ते?" कापलंस? मुलगा म्हणतो, "सी, कोर्तेऽ." मी दुसऱ्याकडे बोट करून विचारतो, "इ एल?" आणि हा? उत्तर, "कोर्तोऽ." स्ते ऐकला की ऽ ने उत्तर द्यायचं, एवढी सवय जिभेला लागली की रोजच्या बोलण्यातला बराच भाग सुटला. आणि प्रत्येक वाक्याआधी आयेर लावायचं, म्हणजे काल. कोर्तामोस, आब्रिमोस ही रूपं वर्तमानकाळातही अशीच असतात, त्यामुळे आयेर नसेल तर आम्ही कापतो की आम्ही कापलं ते कळत नाही. कोमेर ला हा घोळ नाही: आम्ही खातो ते कोमेमोस, खाल्लं ते कोमिमोस. आमच्यातला गुजराती मुलगा पहिल्या दिवशी आयेर ला उद्या समजला होता, कारण त्याच्या भाषेत काल दोन्हीकडे चालतो. आपला काल फक्त मागचा. तेवढी आपली भाषा शिस्तीची.

शेपट्या लक्षात ठेवायला बाहेरून युक्ती आणायची गरज नाही, मराठी कानात त्या आधीच आहेत. तू ला स्पॅनिशमध्येही तू म्हणतात. खरंच, तू. आणि आपण "गेलास, आलीस, केलंस" म्हणताना तू बरोबर जो स येतो, तसाच स आस्ते आणि इस्ते मध्येही ऐकू येतो. स्पेनमध्येही काही लोक बोलताना त्याच्या शेवटी आणखी एक स चिकटवतात, कोर्तास्तेस, आणि त्यांचे मास्तर चिडतात. तुम्ही चिकटवू नका. 'मोस' साठी मी आईला विचारलं, तिचं संस्कृत पक्कं आहे. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "पठामि, पठावः, पठामः." आम्ही ला मः, स्पॅनिशमध्ये मोस. आणि ते-त्या ला पठन्ति मधला न, इकडे रोन मधला न. योगायोग नव्हे, एकाच घराण्याच्या भाषा आहेत या. आईला मात्र यात काही नवल वाटलं नाही. तिच्या मते सगळं संस्कृतातूनच गेलंय. मी वाद घालत नाही, शनिवार वाया जातो.

पण हाच मराठी कान तीन ठिकाणी दगा देतो. पुस्तकं ते सांगत नाहीत, कारण ती पुस्तकं इंग्रजी कानासाठी लिहिलेली असतात.

पहिला दगा ओ चा. आपण पुरुष मंडळी "मी आलो, बसलो, निघालो" म्हणतो. ओ ऐकला की आपल्याला मी ऐकू येतो. स्पॅनिश वर्तमानकाळातही ओ म्हणजे मीच. आणि भूतकाळात ओऽ म्हणजे तो किंवा ती. माझा फोनवरचा घोटाळा यातूनच झाला. त्यावर मी काढलेला उपाय असा: भूतकाळातला मी कायम ए किंवा ई वर संपतो. आमच्या भाचीला हे सोपं गेलं, कारण बायका "मी आले, बसले, निघाले" म्हणतात. येगार म्हणजे पोचणे, मी पोचले ते येगेऽ. तिची शेपटी आधीच जुळलेली. मुलांना मी सांगतो, स्पॅनिश भूतकाळात स्वतःबद्दल बोलताना बाईमाणसासारखं बोला. पहिल्यांदा लाजतात, मग जमतं. तसं पाहिलं तर या रूपांत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाहीच. बाबा येगेऽ म्हणतील, आई पण येगेऽ म्हणेल, आणि दोघांपैकी कुणाही एकाबद्दल बोलताना येगोऽ. केला-केली-केलं चा त्रास संपला.

दुसरा दगा जास्त खोल आहे. एका शनिवारी भाचीला लिहायला दिलं: काल मी दोन प्लेट सेव-उसळ खाल्ली, चार पाव खाल्ले. तिने पहिलं वाक्य कोम्योऽ ने लिहिलं आणि दुसरं कोम्येरोन ने. मी म्हटलं, पाव खाणारे हे 'ते' कोण? ती वहीकडे बघत राहिली. म्हणाली, "मामा, चार पाव आहेत ना, मग अनेकवचन नको?"

इथे थांबायला हवं. आपण काय म्हणतो बघा. मी पाव खाल्ला, मी पाव खाल्ले, मी पोळी खाल्ली, मी पोळ्या खाल्ल्या. खाणारा एकच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या मागे धावतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात आणि आपण परीक्षेनंतर विसरतो, पण जीभ विसरत नाही. गुजरातीतही हीच तऱ्हा, त्यामुळे तो मुलगाही याच खड्ड्यात पडतो. स्पॅनिशच्या या भूतकाळात क्रियापद कायम करणाऱ्याच्या मागे जातं. पाव चार असोत की चारशे, खाणारा मी असेन तर कोमीऽ. मी स्वतः एकदा रिपोर्टात "पीस तपासले" असं लिहिताना रेबिसारोन लिहून पाठवलं होतं, कारण पीस पन्नास होते. तिकडून विचारणा आली की तपासणारी ती माणसं कोण, रिपोर्टवर सही तर एकाच माणसाची आहे. हवं होतं रेबिसेऽ.

यावर उपाय साधा आहे. वाक्य आधी मनात वर्तमानकाळात म्हणून बघा. "मी पोळ्या खातो" म्हटलं की क्रियापद निमूटपणे मी बरोबर उभं राहतं. आता ते धरून स्पॅनिश शेपटी लावा, मग चूक होत नाही. आला-गेला-बसला-उठला असल्या क्रियापदांना हे करायची गरज नाही, तिथे मराठीही करणाऱ्याच्याच मागे असते. काही खाण्यापिण्याचेही त्यात येतात, मी जेवलो, मी पाणी प्यालो. पण केलं, दिलं, घेतलं, लिहिलं, पाहिलं, खाल्लं, हे सगळे वर्तमानकाळाच्या चाळणीतून काढायचे. भाचीने महिनाभर प्रत्येक वाक्याच्या समासात आधी वर्तमानकाळ लिहिला. नंतर समास रिकामा राहू लागला.

तिसरा दगा आदराचा. तो कळायला मी सगळ्यांना सयाजीराव महाराजांवर सहा वाक्यं लिहायला दिली. बडोद्यात हा विषय दिला की माहिती शोधायला लागत नाही. महाराज १८६३ साली कवळाण्यात जन्मले. १८७५ साली बडोद्याला आले. १९०६ साली त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० साली सेंट्रल लायब्ररी काढली. तिघांनी लिहिलं: नास्येरोन, येगारोन. सगळीकडे रोन. कारण आपण महाराज आले म्हणतो, आला म्हणत नाही. स्पॅनिशला एक माणूस म्हणजे एक माणूस. नास्योऽ, येगोऽ, देक्रेतोऽ, फुंदोऽ. आईने निवडलेली मेथी बाजूला ठेवली. "महाराजांना एकेरी? या घरात?" मी म्हटलं, आई, ते लोक त्यांच्या राजालाही असंच म्हणतात. "त्यांचं ते बघून घेतील," म्हणाली.

याचा उलटा फायदाही आहे. मराठीत "पंतप्रधान बडोद्याला आले" या वाक्यातून एक आले की दोन, ते कळत नाही. स्पॅनिशमध्ये ते लपवता येत नाही. २८ ऑक्टोबर २०२४ ला आपले आणि स्पेनचे असे दोन्ही पंतप्रधान इथे आले, सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन करायला. त्या करारातली १६ विमानं स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची आणि ४० आपल्या गावात बनायची असं ठरलं होतं. तर त्या दिवसासाठी येगारोन बरोबर, इनाउगुरारोन बरोबर. एकटेच आले असते तर येगोऽ. तेव्हापासून आमच्याकडे आदर आणि अनेकवचन वेगळं करायचं झालं की कुणीतरी विचारतं, "पंतप्रधान किती?"

समोरच्याला मान द्यायची सोय स्पॅनिशमध्ये आहे, नाही असं नाही. तू च्या जागी उस्तेद म्हणायचं, आणि क्रियापद 'तो' चं लावायचं. उस्तेद पागोऽ, म्हणजे आपण पैसे भरलेत. त्या हिशेबाच्या बाईंशी मला हेच वापरायचं असतं. आता वापरतो.

महाराजांवरच्या वाक्यांतून आणखी एक गाठ सुटते. ते १८७५ ते १९३९ गादीवर होते, ६३ वर्षं. भाचीला वाटलं, एवढा लांब काळ म्हणजे हा झटकेबाज भूतकाळ चालणार नाही. चालतो. काळ किती लांब ते बघायचं नाही, त्याला कडा आहे का ते बघायचं. सुरू झाला, संपला, मोजून झाला: रेइनोऽ, राज्य केलं. कडा नसलेल्यासाठी स्पॅनिशमध्ये वेगळा भूतकाळ आहे, आणि मराठी माणसाला तो फुकट मिळतो, कारण आपल्याकडे "जायचो, करायचे, वाचायची" आहे. माझे आजोबा रोज संध्याकाळी लायब्ररीत पेपर वाचायचे: लेईया. एकदा त्यांनी एका रात्रीत एक जाडजूड पुस्तक वाचलं: लेयोऽ. लहानपणी आम्ही इथेच राहायचो: बिबीऽयामोस. पुण्याला मी दोन वर्षं राहिलो: बिबीऽ. मनात मराठी वाक्य म्हणा. "-यचो" किंवा "-त होतो" आलं की हा भूतकाळ नव्हे. "-लो, -लं, -ले" आलं की हा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजायला जड जातं असं पुस्तकांच्या पानांवरून वाटतं, त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. आपल्याला एक ओळ पुरते. शंभरात दहा वेळा फसेल, तेव्हाचं तेव्हा.

खाल्लं आणि खाल्लंय हा फरकही आपल्याकडे आहे. स्पेनमध्ये आज सकाळी घडलेल्या गोष्टीला बहुतेक ठिकाणी 'खाल्लंय' वालं रूप लावतात, ए कोमीदो. अमेरिकेकडच्या स्पॅनिशमध्ये आजच्यालाही कोमीऽ चालून जातं. वर्गात आयेर चा आग्रह धरायचं हेही एक कारण. काल म्हटलं की कुठेही चुकत नाही.

आता स्पेलिंगची भानगड. पागार चं 'मी' पागेऽ होतं, ऐकायला सरळ. पण स्पॅनिशमध्ये लिहिताना मधे एक यू घुसवावा लागतो, कारण त्यांच्या जी पुढे ई आली की तो ग राहत नाही, घशातून काढलेला खरखरीत ह होतो. तसंच सी पुढे ई आली की क चा स होतो. म्हणून बुस्कार, शोधणे, याचं बुस्केऽ लिहिताना सी काढून क्यू आणि यू घालतात. क्रुसार, ओलांडणे, यातला झेड ई पुढे सी होतो. हे सगळं फक्त आर वाल्यांच्या 'मी' मध्ये, बाकी पाच रूपांत काही हलत नाही. पुस्तकं याला अनियमित म्हणून घाबरवतात. मला ते पटत नाही. आवाज तसाच ठेवण्यासाठीच तर अक्षर बदललंय. देवनागरीत लिहा, क चा क आणि ग चा ग राहतो, काही बदलतच नाही. दोष धातूचा नाही, त्यांच्या लिपीचा आहे.

लेएर सारख्या, जिथे कापल्यावर टोकाला स्वर उरतो, तिथे 'तो' आणि 'ते' च्या रूपांत य लिहिताना वाय वापरतात. लेयोऽ, लेयेरोन. उच्चार आपोआप तोच होतो.

ईर वाल्यांत काही धातू मात्र खरोखर वाकतात, तेही फक्त 'तो' आणि 'ते' मध्ये. दोर्मीर, झोपणे: मी दोर्मीऽ, पण तो दुर्म्योऽ. मोरीर, मरणे: मुर्योऽ. महाराजांच्या शेवटच्या वाक्यात हाच लागतो. पेदीर, मागणे: पिद्योऽ. वर्तमानकाळात वाकणारे आर-एर वाले मात्र इथे येऊन सरळ होतात, थोडे अगदीच बेशिस्त सोडले तर. जाणे, असणे, करणे, सांगणे, देणे हे त्या बेशिस्तांत. जाणे आणि असणे यांचं तर 'मी' चं रूप एकच, फुई. मी गेलो आणि मी होतो, दोन्ही फुई. ते वेगळ्या शनिवारचं काम आहे, नियमित धातू हातात बसल्याशिवाय तिकडे वळू नका. आधी सरळ बार टर्न करायचा, मग निमुळता, टेपर.

सराव कसा घेतो ते सांगून थांबतो. एक गोष्ट द्यायची, प्रत्येकाने पाहिलेली, आणि ती सहा-सात वाक्यांत लिहायची. नियम असा की क्रियापदं जमतील तेवढी वेगवेगळी, आणि कर्ता शक्यतो लिहायचा नाही, शेपटीवरून कळला पाहिजे. मागच्या खेपेला विषय दिला पूर. २०२४ च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्री नदी शहरात शिरली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, भाची तर नदीकाठच्या सोसायटीत राहते. तिने लिहिलं:

पाऊस पडत होता: योबीया. इथे कडा नाही, बरोबर. नदी चढली: सुब्योऽ एल रीओ. पाणी जिन्यापर्यंत शिरलं: एंत्रोऽ एल आग्वा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढलो: सुबिमोस. शेजाऱ्यांनी दार उघडलं: आब्र्येरोन ला प्वेर्ता. दार एक, शेजारी चार, आणि तिने शेपटी शेजाऱ्यांचीच लावली होती. त्यांच्याकडे आम्ही खिचडी खाल्ली: कोमिमोस. आईने तीन दिवस घर धुतलं: लाबोऽ. आईला एकेरी लिहिलं म्हणून झोपाळ्यावरून नुसती नजर आली, या खेपेला शब्द नाही.

एकही चूक नव्हती. मग वर्कशॉपातल्या मुलाने वही पुढे केली. त्याच्या गोष्टीत मगर होती. विश्वामित्रीत मगरी आहेतच, पूर आला की वस्तीत येतात. त्याने पहिलं वाक्य झकास लिहिलं होतं: साल्योऽ उन कोकोद्रीलो, एक मगर बाहेर पडली. पुढचं वाक्य कर्ता गाळून, नियमाप्रमाणे: एंत्रो एन एल पार्किंग. ओ वर रेघ नव्हती.

मी मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं. "एक मगर बाहेर पडली. मी पार्किंगमध्ये शिरतो."

आई झोपाळा थांबवून म्हणाली, "शीर बाबा, पण आधी रेघ मार."